मुतखड्याचं मूळ मानेत

सोलापुरात मुतखडा झाला म्हटलं की कुणाला त्याचं विशेष वाटत नाही. ऊन तसलं, बोअरचं पाणी तसलं. आमच्या पतसंस्थेत मॅनेजरसाहेबांपासून शिपायापर्यंत बहुतेकांचा एकदा तरी खडा पडून गेलेला आहे. त्यामुळे कमरेतून निघालेली कळ ओटीपोटात उतरली आणि मी काउंटरवरच वाकले, तेव्हा शेजारच्या मॅडमनी डॉक्टरच्या आधी हुलग्याचं नाव काढलं. हुलग्याचं कढण झालं, पानफुटीची पानं झाली, कुणीतरी पंढरपूरहून आणलेली चूर्णाची पुडी झाली. खडा पडला. वर्ष उलटायच्या आत दुसरा हजर. तो मध्येच अडकला, दुर्बिणीतून काढावा लागला. पुढे तर दोन्ही किडन्यांत बारीक खडे आहेतच, हे सोनोग्राफीवाल्यालाही पाठ झालं.

मग पथ्य. टोमॅटो नको, पालक नको, वांगं नको. चुलत सासूबाईंनी दूध बंद करायला लावलं, कारण खडा कॅल्शियमचा असतो. त्याच सुमारास गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी सुरू केली. म्हणजे दुधातलं कॅल्शियम बंद आणि गोळीतलं चालू. दोन्ही सल्ले एकाच घरात, एकाच बाईवर, बिनबोभाट चालले होते.

खड्यांखेरीज आणखी बरंच काही चालू होतं, पण ते कुणी एका माळेत ओवलं नाही. रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठायचं आणि उठलं की तांब्याभर पाणी प्यायचं. साखर तपासली, ती बरोबर निघाली, विषय संपला. पोट साफ होईना, त्याला इसबगोल. जळजळ व्हायची, त्याला सकाळची उपाशीपोटीची गोळी. नडग्या आणि बरगड्या दुखायच्या. गुडघ्याचं दुखणं वेगळं आणि हे वेगळं, हे मला आतून कळत होतं, पण सांगताना सगळ्याचं 'अंग दुखतं' एवढंच व्हायचं. शिवाय डोकं जड. नोटा मोजण्यात माझी उमर गेली, पण बंडल मोजता मोजता आकडा मध्येच सुटायला लागला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं. संध्याकाळी घरी आलं की कुणाशी बोलू नये, दिवा लावू नये, नुसतं पडून राहावं असं वाटायचं. पाळी गेली की असंच होतं, यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. पाळी जाऊनही बराच काळ लोटला होता, पण बायकांच्या दुखण्याला ते एक कारण कितीही वर्षं पुरतं.

थायरॉईडही केलं. टीएसएच २.८ आलं. 'हार्मोन्स नॉर्मल आहेत तुमचे', असं सांगून फाइल परत मिळाली. मला आजही याचाच जास्त राग येतो. शरीरात मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी आहे, किडन्यांच्या डोक्यावर ॲड्रिनल आहेत, स्वादुपिंड आहे, पॅराथायरॉईड आहेत. पण टीएसएचचा एक आकडा रेषेत बसला की या सगळ्या अंतःस्रावी ग्रंथी त्याच दमात निर्दोष सुटतात.

गाडी रुळावर आली ती एका अगदी तरुण डॉक्टरमुळे. खड्याच्या कळेनं पुन्हा ॲडमिट होते. राउंडला मोठे डॉक्टर येऊन गेले आणि मागे राहिलेला हा मुलगा माझी फाइल पहिल्या पानापासून चाळत बसला. 

'काकू, कॅल्शियम कधी केलंय का?'

'खाते की रोज. सकाळी एक.'

'खाताय ते नाही ओ. रक्तातलं.'

एवढ्या जाड फाइलीत ते कुठेच नव्हतं. दोनशे रुपयांच्या आतबाहेरची तपासणी. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: ११.६. शेजारी छापलेली मर्यादा ८.५ ते १०.५. फॉस्फरस मात्र कमी, २.३. त्या मुलानं आधी माझी कॅल्शियमची गोळी बंद केली, मग पुन्हा रक्त घेतलं, तेही दंडाला पट्टी फार वेळ आवळून न ठेवता, कारण त्यानंही आकडा थोडा फुगतो म्हणे. सोबत अल्ब्युमिन हे प्रथिनही बघितलं, कारण रक्तातलं बरंचसं कॅल्शियम त्याला चिकटून फिरतं. आकडा तिथेच होता. मग पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईड हार्मोन. ते २१२ आलं. असायला हवं होतं १५ ते ६५ च्या मध्ये.

पॅराथायरॉईड म्हणजे काय, हे मला त्यानंच समजावलं आणि मी ते माझ्या हिशेबात बसवून घेतलं. शरीरातलं कॅल्शियम जवळजवळ एक किलो, त्यातलं नव्व्याण्णव टक्के हाडांत. ही मुदत ठेव. रक्तात फिरतं ते अगदी थोडं, ती काउंटरवरची रोकड. पण नसा, स्नायू, हृदय, सगळ्यांचा रोजचा व्यवहार त्या रोकडीवर चालतो, म्हणून ती कमीही चालत नाही आणि जास्तही नाही. मानेत थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी बसलेल्या असतात. थायरॉईडशी त्यांचं शेजारापलीकडे नातं नाही. रोकड कमी पडली की त्या पीटीएच सोडतात: हाडांतली ठेव मोडली जाते, किडनी लघवीतून जाणारं कॅल्शियम परत ओढते, ड जीवनसत्त्व कामाला लागून आतड्यातून जास्त कॅल्शियम शोषलं जातं. रोकड भरली की त्यांनी गप्प बसायचं. माझ्याकडे रोकड उतू चालली होती आणि तरी आतून कुणीतरी रोज ठेवी मोडत होतं. कॅल्शियम वर असताना पीटीएच दबलेलं असायला हवं. दोन्ही एकाच वेळी वर म्हणजे ग्रंथीच बिघडलेली. उपसलेलं कॅल्शियम शेवटी किडनीतच येऊन पडायचं, तिथे खडे व्हायचे. रक्तात जास्त झालेलं कॅल्शियम किडनीला पाणी धरू देत नाही, म्हणून रात्रीची लघवी आणि तहान. आतडं सुस्तावतं, म्हणून पोट साफ नाही. डोक्यावर आलेलं मळभही त्यातलंच.

याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉईडिझम म्हणतात. पन्नाशीपुढच्या बायकांत पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसतो. परदेशात कॅल्शियम सरसकट तपासलं जातं, त्यामुळे तिथे तो बहुतेकदा काही त्रास व्हायच्या आधीच कागदावर सापडतो. आपल्याकडे खडे होऊन, हाडं ठिसूळ होऊन, कधी मोडून मग सापडतो.

पुढचं सगळं पुण्यात. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं, हडपसरला वन्संकडे उतरायचं आणि एंडोक्रायनॉलॉजीच्या, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांच्या, ओपीडीला नंबर लावायचा. त्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यांवर मी जे शिकले, ते कुणी वर्गात बसवून शिकवलं नसतं. तिथे फाइल मांडीवर घेऊन बसलेला प्रत्येक माणूस आपली गोष्ट सांगायला उत्सुक असतो, कारण बाहेर ती कुणाला पटलेली नसते.

लातूरकडचे एक गृहस्थ होते. चप्पल आठ नंबरची दहावर गेली, बोटातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली, तरी घरच्यांना काही वेगळं दिसलं नाही, कारण रोज बघणाऱ्याला चेहरा बदललेला कळत नाही. दातांत फटी पडायला लागल्या म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि त्यानं लग्नातला फोटो आणायला सांगितलं. पिट्यूटरीतल्या गाठीतून वाढीचं हार्मोन जास्त सुटत होतं. कॉलेजातली एक मुलगी होती. सगळे पंखा कमी करा म्हणत होते तेव्हा ही नेमकी पंख्याखाली जाऊन बसायची. दोन माणसांचं जेवते आणि तरी वजन उतरतंय, असं तिची आई सांगत होती. आत डॉक्टरांनी तिला हात पुढे धरायला लावून बोटांवर एक कागद ठेवला, तर कागद थरथर हलायला लागला म्हणे. थायरॉईड जास्त चालत होतं. आमच्या ओळखीत थायरॉईड म्हणजे जाड होणं, त्याची ही उलटी बाजू मी प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिली.

एक आजी गुडघ्यांसाठी गावातून पुड्या आणून खात होत्या. दोन दिवसांत दुखणं गायब करणाऱ्या. चेहरा गोल गरगरीत, गाल लाल, पोट पुढे, पण हातपाय काटकुळे आणि दंडावर जरा लागलं की काळेनिळे डाग. पुडीत स्टेरॉईड होतं. सुनेला वाटत होतं, पुड्या आजच नाल्यात फेकून द्याव्यात. डॉक्टरांनी तिला तेवढंच निक्षून सांगितलं की अचानक बंद करायचं नाही. बाहेरून इतकं मिळत राहिल्यावर शरीरातल्या ॲड्रिनल ग्रंथींनी स्वतःचं काम सोडून दिलेलं असतं, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. मोजून, हळूहळू उतरवायचं.

पण माझ्या मनात घर करून राहिल्या त्या धाराशिवकडच्या बाई. माझ्याच वयाच्या, पण दिसायला सत्तरीच्या. थोरल्या बाळंतपणात रक्त फार गेलं. दूध उतरलंच नाही. पाळी परत आली नाही. काखेतले केस गेले, थंडी सोसेना, उन्हाळ्यातही स्वेटर. पुढे मूल झालं नाही म्हणून सासरी बोलणी खाल्ली. अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या आणि सलाईन, दरवर्षी, वर्षानुवर्षं. गरोदरपणात पिट्यूटरी फुगलेली असते. त्यात एकदम खूप रक्तस्राव झाला तर तिचा रक्तपुरवठा तुटून ती मरते, आणि ती गेली की तिच्या हुकमावर चालणाऱ्या थायरॉईड, ॲड्रिनल, अंडाशय सगळ्याच थंडावतात. या बाईंना मध्ये एकदा नुसती थायरॉईडची गोळी दिली गेली होती, तर त्या जास्तच खालावल्या. आधी ॲड्रिनलमधून येणाऱ्या स्टेरॉईडची कमतरता भरून काढायची आणि मग थायरॉईडची, हा क्रम त्यात पाळावा लागतो. आता दोन्ही चालू होत्या. 'आता भाकरी थापता येती', म्हणाल्या. एवढंच सांगून पदरानं तोंड पुसलं. बाळंतपणाला अंगावर दूध आलं नाही, एवढा एक प्रश्न त्यांना मधल्या काळात कुणी विचारला असता तर!

माझ्या नंबरावर डॉक्टरांनी सगळ्यात आधी माझ्या बीपीच्या गोळीचं पाकीट मागितलं. टेल्मिसार्टनच्या जोडीला त्यात लघवी वाढवणारं थायझाइड जातीचं औषध होतं. ते कॅल्शियम वर ढकलू शकतं. गोळी बदलली, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त. आकडा हलला नाही. माहेरी कुणाला असे खडे, स्वादुपिंडाची किंवा पिट्यूटरीची गाठ आहे का, हेही खोदून विचारलं, कारण काही घराण्यांत या ग्रंथींचे आजार एकत्र उतरतात. आमच्याकडे फक्त भावाला खडे. त्याचं कॅल्शियम करून घेतलं, ते बरोबर निघालं. तो सोलापूरच्या उन्हाच्या खात्यात गेला.

मग चोवीस तासांची लघवी. याचं वर्णन कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. लॅबवाला पाच लिटरचा कॅन देतो, तळाशी ॲसिड असतं. थेट त्यात करायची नाही, मगात घेऊन ओतायची. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळ बघायचं आणि तिथून दुसऱ्या सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत प्रत्येक थेंब कॅनमध्ये. एक जरी वेळ संडासात गेली तर हिशेब चुकला, पुन्हा नव्यानं. मी हे वन्संच्या फ्लॅटमध्ये केलं. बाथरूम एक, माणसं सहा, त्यात वन्संचा दीड वर्षाचा नातू. कॅनवर ह्यांनी पट्टी चिकटवली, 'हात लावू नये'. वन्संनी एका शब्दानं कुरकुर केली नाही, पण तो दिवसभर त्यांनी बाथरूमची खिडकी सताड उघडी ठेवली होती. तपासणीचं कारण असं की एका आनुवंशिक प्रकारात रक्तात कॅल्शियम जास्त असतं, पीटीएचही जरा वर असतं, पण लघवीत कॅल्शियम फार कमी जातं. त्या लोकांना ऑपरेशनचा काही उपयोग होत नाही. माझ्या लघवीत ३४८ मिलिग्रॅम गेलं होतं. म्हणजे तो प्रकार नव्हे.

ड जीवनसत्त्व १४. उन्हात होरपळणाऱ्या गावात राहून ते एवढं कमी कसं, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ऊन गावात आहे, तुम्ही काउंटरच्या आत आहात. ते बेताबेतानं भरून घेतलं. आणि दूध पुन्हा सुरू करायला लावलं. आहारातलं कॅल्शियम तोडलं तर या ग्रंथी आणखीच चेकाळतात. चुलत सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली, तेव्हा कंबर आणि मणक्यासोबत मनगटाच्या वरचा हातही मशीनखाली ठेवायला लावला. पीटीएच सगळ्यात जास्त कुरतडतं ते कवचासारखं घट्ट हाड, आणि ते हाताच्या त्या भागात जास्त असतं. मणका उणे २.२ आला, हात उणे ३.१. उणे २.५ च्या खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. नुसता मणका मोजला असता तर अजून दम आहे असं वाटलं असतं.

निदान झालं होतं, आता बिघडलेली ग्रंथी चारांपैकी नेमकी कुठली आणि कुठे आहे, ते हुडकायचं. हे हुडकणं किती अवघड असू शकतं, ते माझ्या मुलानं गाडीत वाचून दाखवलं. या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नाही, तर भारतातून गेलेल्या एकशिंगी गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला तो गेंडा १८४९ मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन यांना त्याचं विच्छेदन करताना थायरॉईडला चिकटलेला एक छोटा पिवळसर गोळा दिसला. माणसात त्या दाखवून दिल्या स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं, १८८० मध्ये. अमेरिकन जहाजावरच्या चार्ल्स मार्टेल या कप्तानाची हाडं इतकी विरघळली की त्याची उंची कित्येक इंचांनी घटली. मानेत शोधून शोधून गाठ मिळेना. सातव्या ऑपरेशनला, १९३२ मध्ये, ती छातीत सापडली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो खड्याच्याच त्रासात गेला. गर्भात या ग्रंथी गळ्यात वरून खाली सरकत येतात, आणि एखादी वाटेत थांबते किंवा छातीपर्यंत खाली जाते. 'वाच की अजून', असं हे म्हणाले. मी म्हटलं, पुरे.

मानेच्या सोनोग्राफीत उजव्या बाजूला खाली एक गाठ दिसली, साधारण दोन सेंटिमीटर. ती थायरॉईडचीच नाही ना, याची खात्री सेस्टामिबी स्कॅननं होते. हाताच्या शिरेत टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देतात, मान मागे टाकून झोपवतात आणि कॅमेऱ्याची जाड चौकोनी तबकडी नाकाला लागते की काय इतकी जवळ आणतात. 'गिळू नका मावशी', टेक्निशियन म्हणाला, आणि तेव्हापासून तोंडात नुसती लाळ. थायरॉईड आणि पॅराथायरॉईडची गाठ दोन्ही ते औषध आधी शोषतात. थायरॉईडमधून ते लवकर निघून जातं, गाठीत रेंगाळतं. म्हणून पहिले फोटो काढून बाहेर पाठवतात, दोनएक तासांनी परत बोलावतात. दुसऱ्या फेरीच्या फोटोत सगळी मान विझलेली आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एकच ठिपका पेटलेला. सोनोग्राफीची जागा आणि ही जागा एकच. टेक्नेशियमची ताकद दर सहा तासांनी निम्मी होते, तरी त्या दिवशी लहान मुलाला जवळ घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. नातू सारखा मांडीवर यायला बघायचा आणि वन्सं त्याला उचलून गॅलरीत न्यायच्या.

ऑपरेशन करायचं की नाही, यावर घरात खलबतं झाली. मान म्हटली की लोकांना एकतर थायरॉईड आठवतं नाहीतर कॅन्सर. यात कॅन्सर अगदी क्वचित असतो, शंभरात एकालाही नाही. बहुतेक वेळा चारांतल्या एकाच ग्रंथीत साधी गाठ असते. ज्यांचं कॅल्शियम थोडंसंच वर आहे, हाडं शाबूत आहेत, खडे नाहीत, वयही झालंय, त्यांना नुसतं नजरेखाली ठेवतात. कॅल्शियम खाली आणणाऱ्या गोळ्याही आहेत, पण गाठ तिथेच राहते. माझ्याकडे खडेही होते आणि हाडांची वाटही लागलेली होती. सर्जन म्हणाले, 'थांबण्यासारखं काय आहे ते तुम्हीच सांगा.' भीती वाटली ती आवाजाची. आवाजाची नस या ग्रंथींना घसटून जाते. आधी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू नीट हलतात ना, ते बघून ठेवलं.

मंगळसूत्र काढून ह्यांच्या हातात दिलं, तेवढं आठवतं. पुढचं ह्यांनी आणि मुलानं बाहेर बसून अनुभवलं. गाठ काढल्यावर टाके घालायच्या आधी दहा मिनिटं थांबून पुन्हा पीटीएच तपासतात. हे हार्मोन रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं, त्यामुळे खरी दोषी ग्रंथी निघाली असेल तर आकडा तिथल्या तिथे निम्म्याच्या खाली यायला हवा. आला नाही तर आणखी कुठे तरी दुसरी गाठ लपलेली आहे, शोध चालू. माझा २४० वरून ४१ वर आला. निघालेली गाठ भरली १.६ ग्रॅम. निरोगी ग्रंथी ३० ते ५० मिलिग्रॅमची असते. शुद्धीवर आणताना कुणीतरी 'नाव सांगा, नाव सांगा' म्हणत होतं. मी नाव सांगितलं, आवाज घोगरा पण माझाच होता.

वाटलं, सुटलो. खरी गंमत दुसऱ्या रात्री सुरू झाली. आधी ओठांच्या कडांना मुंग्या. मग बोटांच्या टोकांना. मग गाल आतून ओढल्यासारखा. सिस्टरांना हाक मारली, त्यांनी ड्युटीवरच्या डॉक्टरणीला बोलावलं. तिनं माझ्या कानापुढे गालावर बोटानं टकटक केलं, तर ओठाचा कोपरा आपोआप वर उडाला. मला ते कळलंही नाही, समोर बसलेल्या मुलाचा चेहरा बघून कळलं. कॅल्शियम ७.६. इतकी वर्षं लुटली गेलेली हाडं, पीटीएचचा दट्ट्या निघाल्याबरोबर मिळेल तेवढं कॅल्शियम रक्तातून ओढून घ्यायला लागली होती. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तुमची हाडं भुकेली आहेत, असं होऊ शकतं. छातीला मॉनिटर लावून शिरेतून कॅल्शियम अगदी हळू सोडलं. भरभर दिलं तर हृदयाची लय बिघडते. अर्ध्या तासात ओठ माझे झाले.

मग गोळ्या. जी कॅल्शियमची गोळी सगळ्यात आधी बंद केली होती, तीच आता दिवसातून चार वेळा, जेवणानंतर, सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं तयार रूप. थोरली पांढरी गोळी, चव खडूची. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे समजावता समजावता माझी दमछाक झाली. काल जास्त होतं म्हणून ऑपरेशन केलं, आज कमी आहे म्हणून गोळ्या खाते, हे ऐकून लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. शेवटी हे दारातच सांगायला लागले, 'टाके चांगले आहेत, बाकीचं विचारू नका.' आठवड्याला रक्त, त्याप्रमाणे गोळ्या कमी. दोनेक महिन्यांत त्या एकावर आल्या.

आधी काय बदललं म्हणाल तर रात्रीची झोप. लघवीला उठणं थांबलं आणि उशाचा तांब्या सकाळपर्यंत भरलेला राहायला लागला. मग पोट. डोक्यावरचं मळभ कधी गेलं ते सांगता येणार नाही, पण दिवाळीत ठेवींच्या व्याजाची गर्दी होती, त्या आठवड्यात एकदाही बंडल पुन्हा मोजावं लागलं नाही, हे कॅश जुळवताना माझ्या लक्षात आलं.

सहा महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल असेल तरच आजार गेला असं म्हणतात. माझं ९.४ आलं, पीटीएच ४८. डेक्सा पुढच्या वर्षी. हाडं भरून यायला एक-दोन वर्षं जातात म्हणाले. किडनीत जुने खडे आहेत ते आहेतच, ते विरघळणार नाहीत; नवे मात्र सोनोग्राफीत दिसले नाहीत. आणि गुडघे अजून दुखतात. ग्रंथीचा त्यात काही संबंध नव्हता, ते वयाचेच निघाले. त्यासाठी आता जिन्याऐवजी लिफ्ट वापरते आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलेले व्यायाम करते, आठवण राहील तेव्हा.